सकाळी लोणी, दुपारी खडी: अल्ट्रासॉनिकवरचं रबर दुपारनंतर का बिघडतं?

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये आम्ही भंगार रबर अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या, थरथरीनं सोडवून पुन्हा वापरण्याजोगं करतो. गेल्या उन्हाळ्यात तिथे रोज तेच घडत होतं. सकाळी सातला लाईन सुरू केली की डायमधून (यंत्राच्या तोंडावरच्या साच्यातून) निघणारी पट्टी हाताला गुळगुळीत लागायची, मिलवर (दोन रोलच्या यंत्रावर) टाकली की दोन फेऱ्यांत रोलला धरायची. बारा वाजून गेले की तीच पट्टी खरखरीत. दीडच्या सुमाराला तिच्यात दाणे, शेंगाची चटणी कालवावी तसे. आणि दोन-अडीचला अल्ट्रासॉनिकला वीज पुरवणारा जनरेटर ‘ओव्हरलोड’ म्हणून ट्रिप. अर्धा तास बंद ठेवलं की तासभर बरं, मग पुन्हा तेच. असे तीन आठवडे गेले.

तुमच्याकडे यातलं काही होत असेल, तर आम्ही जिथे जिथे चुकलो ते सांगतो. तुमचे तीन आठवडे वाचतील.

यंत्र लहान आहे. ३८ मिमी स्क्रूचा जुना एक्स्ट्रूडर आणि त्याच्या तोंडाशी बसवलेला २० किलोहर्ट्झ, ३ किलोवॉटचा अल्ट्रासॉनिक स्टॅक, म्हणजे विजेची थरथर करणारा कन्व्हर्टर, ती वाढवणारा बूस्टर आणि ती रबराला देणारा हॉर्न. तासाला आठ-दहा किलो माल निघतो, म्हणजे धंदा कमी आणि प्रयोग जास्त. कच्चा माल दोन तऱ्हेचा. एक, मोटारींच्या दारांना लागणाऱ्या ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) पट्ट्यांचं भंगार. दुसरा, सूतगिरण्यांच्या टॉप रोलरवरचे घासून संपलेले कॉट्स (रोलरवर चढवायची रबरी वेष्टनं), म्हणजे नायट्राइल रबर. चादरी-टॉवेलच्या गावात कॉट्सना तोटा नाही. ते सर्रास भट्टीत टाकले जाताना मी पाहिलेत. तसं करू नका. नायट्राइलमध्ये नायट्रोजन असतो आणि जळताना धुरातून हायड्रोजन सायनाइड येऊ शकतो. आम्ही दोन्ही माल वेगवेगळा दळून ३० मेशचा, म्हणजे साधारण ०.६ मिमीचा क्रम (रबराचा चुरा) करून घेतो.

आत काय चालतं

व्हल्कनाइज केलेलं, म्हणजे पक्कं केलेलं, रबर तापवून वितळत नाही, कारण त्याच्या लांब साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. ही गाठ मारायची कशी, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं. ती सोडवायचं काम त्याहून किचकट निघालं. अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रन विद्यापीठात अवराम इसायेव यांनी एक्स्ट्रूडरला अल्ट्रासॉनिक हॉर्न जोडून ते सलग करून दाखवलं, आणि १९९३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आमचा जुगाड त्याच वाटेवरचा.

स्क्रू क्रमला दाबत पुढे नेतो. बॅरल (स्क्रूभोवतीची नळी) १२० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. तोंडाशी टायटॅनियमचा हॉर्न आणि डाय यांच्यात दीड-दोन मिमीची फट असते, आणि त्या फटीतून रबर जातं तेव्हा हॉर्नचा चेहरा सेकंदाला वीस हजार वेळा हलत असतो, तोही फक्त पाच ते दहा मायक्रॉन. एवढ्याशा थरथरीनं काय होणार, असं वाटतं. पण दाबाखालच्या रबरात सूक्ष्म पोकळ्या असतात. त्या फुगतात, आवळतात आणि त्यांच्या भोवतीचं जाळं ताणून तोडतात. गंधक-गंधक बंध तोडायला मोलमागे साधारण २२७ किलोज्यूल लागतात, कार्बन-गंधकाला २७३, कार्बन-कार्बनला ३४८. म्हणून ओढाताणीत पूल आधी तुटावेत, मुख्य साखळी नंतर, ही आशा. ही सगळी गंमत त्या फटीतल्या काही सेकंदांत उरकते आणि वेगळं रसायन लागत नाही.

‘आशा’ हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. ते का, ते पुढे येईल.

ज्यांच्यावर उगाच आळ घेतला

पहिला आळ विजेवर. दुपारी व्होल्टेज पडत असणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं. स्टॅबिलायझर आणला, बसवला. मीटरवरचा काटा दिवसभर जागचा हलला नाही, पट्टी मात्र दुपारी खडीच.

दुसरा आळ क्रम दळून देणाऱ्यावर. त्याच्याशी फोनवर भांडून झालं. मग एकच पोतं अर्धं सकाळी आणि अर्धं दुपारी चालवलं. सकाळचं लोणी, दुपारची खडी. पोतं निर्दोष सुटलं. (त्याची माफी मी मागितली, पण तो आता आगाऊ पैसे घेतो.)

तिसरा आळ ऑपरेटरवर. तो पोरगा दुपारी पट्टी खरखरीत झाली की जनरेटरचा आकडा ७० टक्क्यांवरून ८५ वर न्यायचा. मला वाटायचं, हा छेडछाड करतो म्हणून बिघडतं. त्याला वाटायचं, बिघडतं म्हणून आपण सावरतोय. दोघांचंही अर्धं बरोबर होतं, ते नंतर कळलं.

शेवटी आमचे फिटर अण्णा म्हणाले, “मालक, भांडून काय व्हायचंय ओ? लिहून काढा की.” चाळीस पानी वही आणली. दर अर्ध्या तासाला सहा गोष्टी लिहायच्या: वेळ, पाण्याच्या टाकीचं तापमान, जनरेटरवरची फ्रिक्वेन्सी, वॉट, डायच्या आधीचा दाब, आणि पट्टी कशी दिसते. बटणाला हात लावला तर तेही लिहायचं.

वही काय बोलली

चौथ्या दिवशी चित्र दिसायला लागलं. पट्टीचं बिघडणं घड्याळाच्या मागे जात नव्हतं, टाकीच्या मागे जात होतं. एके दिवशी सकाळी उशिरा, अकराला सुरू केलं, तर बारालाच खडी झाली. पाणी आधीच तापलेलं होतं. आमची टाकी पत्र्याच्या छपरावर, काळी, आणि एप्रिलमध्ये सोलापुरात पारा ४२ च्या पुढे. त्या पाण्यानं आम्ही हॉर्नच्या कॉलरभोवतीचं जॅकेट थंड करत होतो! थंड कसलं, शेकत होतो.

हॉर्न तापला की काय होतं, हे समजून घेणं इथे महत्त्वाचं आहे. हॉर्न हा मुळात एक सूर लावलेली घंटा आहे. २० किलोहर्ट्झला टायटॅनियममध्ये अर्धी तरंगलांबी साधारण १२५ मिमी येते, म्हणून हॉर्नची लांबी त्याच्या आसपास ठेवतात. धातू तापला की थोडा मऊ पडतो आणि सूर उतरतो. आमच्या वहीत सकाळच्या आणि दुपारच्या फ्रिक्वेन्सीत दोनशे हर्ट्झच्या वर फरक दिसत होता. नवे चांगले जनरेटर हा सूर पकडून चालतात आणि टोकाची थरथर कायम ठेवतात. आमचा जुना आहे. तो सूर पकडायला धावतो, पण धापा टाकतो. सुरावरून घसरला की पडद्यावर ७० टक्के तसेच राहतात, हॉर्नच्या टोकाशी मात्र थरथर कमी होते.

पडद्यावरचा टक्का हा जनरेटर बाहेर काय सोडतो त्याचा असतो. रबराला काय मिळतं त्याचा तो नव्हे. एवढं एक वाक्य मला कोणी आधी सांगितलं असतं, तर स्टॅबिलायझरचे पैसे वाचले असते.

आणि मग तो ८५ टक्के. सूर बिघडलेला असताना वरून जास्त ताकद ढकलली, तर ती रबरात न जाता हॉर्न, बूस्टर आणि कन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन बसते. हॉर्न आणखी तापतो, सूर आणखी उतरतो, शेवटी ट्रिप. म्हणजे आजार पाण्याचा आणि पोरगा औषध म्हणून विष पाजत होता. कन्व्हर्टरमधल्या सिरॅमिक चकत्यांना तर उष्णता मुळीच सोसत नाही. एकदा त्यांचे गुण गेले की परत येत नाहीत. कन्व्हर्टरच्या डब्याला, मशीन बंद करून, हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर त्या दिवशी पुढे चालवू नका. त्याला थंड करायला सोडलेली हवा कोरडी आणि तेलाविना हवी.

हॉर्न खरंच काम करतोय का, हे तपासायची एक सोपी युक्ती हाती लागली. स्क्रूचा वेग कमी करा आणि अल्ट्रासॉनिक पंधरा-वीस सेकंद बंद करून डायच्या आधीचा दाब बघा. थरथर नीट पोचत असेल, तर ती बंद केल्यावर दाब ठसठशीत वर चढतो आणि चालू करताच खाली येतो, कारण थरथरीमुळे घर्षणही कमी होतं आणि रबरही सैल पडतं. सकाळी आमच्याकडे हा फरक डोळ्यांत भरायचा. दुपारी काटा जेमतेम हलायचा. मात्र वीस सेकंदांच्या वर थांबू नका, नाहीतर क्रम डायमध्ये दगड होऊन बसतो आणि मग दुपार छिन्नी-हातोडीत जाते. आमची गेली आहे.

पाणी: सगळ्यात साधं आणि सगळ्यात उशिरा सुचलेलं

टाकी खाली उतरवून शेडच्या उत्तरेला, सावलीत ठेवली. जुन्या टॉवेलांची गुंडाळी तिच्याभोवती बांधून ती ओली ठेवायला सुरुवात केली. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठासारखाच गुण येतो. पाण्यात चांगला फरक पडला, पण हॉर्न अपेक्षेइतका थंड होईना.

अण्णांनी जॅकेटचा पाइप काढून बादली लावली. एक बादली भरायला जितका वेळ लागायला हवा त्याच्या तिप्पट लागला. आत बघितलं तर पांढरा थर. गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणून कारखान्यात सगळं बोअरवर, आणि बोअरचं पाणी असं की चहाच्या पातेल्यातही कड धरते. तोच क्षार जॅकेटमध्ये साचला होता. एका लिटरला ५० ग्रॅम लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून ते अर्धा तास फिरवलं, मग साध्या पाण्यानं धुतलं. दोनदा करावं लागलं. आता जॅकेटमध्ये आरओचं पाणी बंद फेऱ्यात फिरतं आणि बोअरचं पाणी बाहेरच्या कॉईललाच लागतं. जॅकेटमध्ये जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात तीन-चार अंशांचा फरक आम्ही ठीक धरतो. तो वाढायला लागला की प्रवाह कमी झाला किंवा थर आला, असं समजतो.

हॉपरखालचा गळाही याच पाण्यावर थंड होतो, हे विसरू नका. तो तापला की क्रम तिथेच चिकटून कमान धरतो, माल कधी येतो कधी येत नाही, आणि दाबाचा काटा नाचतो. हेही दुपारचंच दुखणं.

एवढं करूनही एप्रिल-मेमध्ये आम्ही सहाला सुरू करून बाराला बंद करतो. चिलरपेक्षा घड्याळ स्वस्त.

तरीही ट्रिप: दुसरा आजार

पाणी सुधारलं आणि ईपीडीएमचे आठ दिवस सुखाचे गेले. मग कॉट्सचा क्रम लावला, आणि सकाळी साडेआठलाच ट्रिप. पाणी गार, फ्रिक्वेन्सी जागेवर. मागची वही उलटली तर दिसलं, की कॉट्सच्या दिवशी सकाळीही एक-दोन ट्रिप व्हायच्याच. आम्ही त्या दुपारच्या हिशेबात ढकलून दिल्या होत्या. दोन आजार, लक्षण एकच.

हॉर्न उतरवला. चेहऱ्यावर ओरखडे, आणि एका ठिकाणी चकाकता ठिपका चिकटलेला. अण्णांनी लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटेना. ॲल्युमिनियम! काही कॉट्सना आतून ॲल्युमिनियमची नळी असते, रोलरवर पटकन चढावेत म्हणून. दळणाऱ्याकडे चुंबक होता, आमच्या हॉपरवरही होता, आणि आम्ही दोघेही निर्धास्त. चुंबक लोखंड पकडतो, ॲल्युमिनियम त्याच्या शेजारून हसत जातं. दीड मिमीच्या फटीत असा तुकडा अडकला, की हॉर्न क्षणभर धातूवर आपटतो आणि जनरेटर स्वतःला वाचवायला बंद पडतो. तो बंद पडतो म्हणून बरं.

दळल्यानंतर हे वेगळं करणं अवघड आहे. आम्ही सुपात पाखडूनही पाहिलं. जाड तुकडे मागे राहतात, पातळ पापुद्रे रबराबरोबर उडतात. उपाय एकच निघाला: दळायच्या आधी कॉट उभा चिरायचा आणि नळी असेल तर सोलून काढायची. दोन बायका दिवसाला जेवढं सोलतात तेवढंच आम्ही चालवतो.

हॉर्न उतरवलाच आहे म्हणून सांधाही बघितला. बूस्टर आणि हॉर्न जिथे भिडतात तिथे काळी भुकटी दिसली तर समजा, स्टड ढिला आहे आणि दोन चेहरे एकमेकांवर घासताहेत. चेहरे पुसून, ठरलेल्या टॉर्कनं आवळा. पान्याच्या अंदाजानं नको. ढिल्या सांध्याचा एक किंचाळणारा आवाज येतो. २० किलोहर्ट्झ बहुतेकांना ऐकू येत नाही, म्हणून ऐकू येणारी किंकाळी ही नेहमी तक्रारच समजायची. कानाला मफ तरीही लावायचेच.

फटीबद्दलही एक चूक आम्ही कित्येक महिने करत होतो. फट थंड मशीनवर मापाची पट्टी घालून लावायचो. पोलाद दर मीटरला, दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. बॅरलचा ४०० मिमीचा भाग १०० अंशांनी तापला, तर ०.४८ मिमी वाढ झाली, म्हणजे दीड मिमीच्या फटीतला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. आता बॅरल तापवून, अर्धा तास मुरू देऊन, अल्ट्रासॉनिक बंद ठेवून मगच फट लावतो.

रात्रीत कडक झालेली पट्टी

ट्रिप थांबल्या. पट्टी दिवसभर गुळगुळीत. आणि मग सकाळी येऊन बघतो तर आदल्या दिवशीच्या नायट्राइलच्या पट्ट्या कडक भाकरीसारख्या. मिलवर घातल्या की तुकडे.

कारण असं की पूल तुटतात तेव्हा तुटलेली टोकं मोकळी आणि भुकेली असतात. ती पुन्हा कशालातरी चिकटतात. नैसर्गिक रबर आणि ब्यूटिल तापलं की मऊ पडत जातं, पण एसबीआर (टायरमधलं कृत्रिम रबर) आणि नायट्राइल यांचा कल उलटा, पुन्हा जोडून घट्ट होण्याचा. शिवाय जुन्या मालात थोडंफार गंधक आणि ॲक्सिलरेटर (व्हल्कनाइज होण्याला वेग देणारं रसायन) उरलेलंच असतं. आम्ही काय करत होतो, तर डायमधून निघालेल्या गरम पट्ट्या एकावर एक रचून वर ताडपत्री टाकत होतो. तो ढीग रात्रभर गरम राहायचा. स्वयंपाकघरात आंबवायला पीठ ठेवतात, तसं आम्ही रबर पुन्हा व्हल्कनाइज व्हायला ठेवत होतो.

आता पट्टी डायमधून निघाली की लगेच पाण्याच्या हौदातून, मग पुसून, आणि चादरी वाळत घालतात तशी दोरीवर सुटी. जाडी तीन-चार मिमीच्या वर नाही. पुसणं टाळू नका; पाणी राहिलं तर पुढे मोल्डमध्ये फोड येतात. मिलवर शंभर भागांना एक भाग टीएमक्यू (रबर लवकर खराब होऊ न देणारं रसायन) घालतो आणि माल दोन दिवसांत वापरून टाकतो. ईपीडीएम याबाबतीत गुणी आहे, त्याची मुख्य साखळी संपृक्त (दुहेरी बंध नसलेली) असल्यामुळे ते इतकं उतावीळ होत नाही.

याच कारणानं नवीन कंपाउंडमध्ये हे रबर घातलं की स्कॉर्च (वेळेआधीच पक्कं होणं) लवकर येतो. रिओमीटरच्या (रबर पक्कं होताना मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखात सुरुवातीचा सपाट भाग आखडतो, कधी जवळजवळ नाहीसाच होतो. मिलवरच गाठी धरायला लागल्या तर यंत्राला दोष देऊ नका. आमच्या अनुभवात गंधक नेहमीपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी आणि ०.२ ते ०.३ भाग पीव्हीआय (स्कॉर्च लांबवणारं रसायन), यावर काम निभावतं. तुमची रेसिपी वेगळी असेल, तर आधी छोटी घाणी करून बघा.

जे रबर सुटतच नाही

एकदा स्वस्तात ईपीडीएमच्या रेडिएटर होजचं भंगार मिळालं. पाणी, फट, हॉर्न सगळं चोख असूनही पट्टी दाणेदार. थरथर वाढवली तर दाणे गेले आणि पट्टी चिकट, ताकद नसलेली झाली. ते होज पेरॉक्साइडवर पक्के केलेले होते. पेरॉक्साइडनं जोडलेल्या पुलात गंधक नसतंच. तो सरळ कार्बन-कार्बन बंध, मुख्य साखळीइतकाच दणकट. मग तोडताना आधी कोण आणि नंतर कोण, हा भेदच उरत नाही. असा माल ओळखायला नाक कामी येतं. ताजा कापलेला तुकडा गरम केला की डायक्युमिल पेरॉक्साइडवाल्या रबराला गोडसर, औषधी वास येतो. गंधकवाल्याचा वास सगळ्यांच्या ओळखीचा. जुन्या होजला कूलंटचा वास असतो, तिथे फसायला होतं. मी आता होज घेतच नाही.

ईपीडीएम आणि नायट्राइल एकमेकांत मिसळले असतील, तर दोन्ही अर्धवट सुटतात आणि पुढे एकमेकांत विरघळत नाहीत. तुकडा रात्रभर डिझेलमध्ये ठेवा. ईपीडीएम टम्म फुगतं, नायट्राइल फारसं फुगत नाही. भंगाराच्या प्रत्येक खेपेतून दहा तुकडे असे टाकून बघायला एक काचेची बरणी पुरते.

मऊ झालं म्हणजे जमलं, असं नाही

वर ‘आशा’ म्हणालो होतो ती याचसाठी. एका गिऱ्हाइकानं माल परत पाठवला: मूनी (कच्च्या रबराच्या घट्टपणाचा आकडा) छान, पट्टी मऊ, पण मोल्ड केलेल्या बफरला ताकदच नाही. मूनी कमी होण्याचे दोन रस्ते आहेत. पूल तुटले तरी मूनी उतरते आणि मुख्य साखळ्या तुटल्या तरी उतरते. मूनीच्या आकड्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

तो फरक टोल्युइन सांगतं. ईपीडीएमचा वजन केलेला तुकडा तीन दिवस टोल्युइनमध्ये ठेवा, फुगलेलं वजन घ्या, मग पूर्ण सुकवून पुन्हा वजन. किती फुगलं त्यावरून जाळं किती सैल झालं ते कळतं. सुकल्यावर किती वजन घटलं त्यावरून किती रबर सुटून विरघळलं ते. घटीतून मूळ कंपाउंडमधलं तेल वजा करायला विसरू नका, म्हणून न सोडवलेला तुकडाही शेजारच्या बरणीत ठेवायचा. जाळं बरंच सैल झालं आणि विरघळलेला भाग बेताचा, तर पूल तुटलेत, शाबास. जाळं फारसं सैल नाही आणि विरघळलेला भाग मात्र भरपूर, तर तुम्ही साखळ्या कापताय. हॉरिक्सनं १९५६ मध्ये या दोन आकड्यांचं नातं गणितात मांडलं आणि त्याच्या नावाचा आलेख आजही रबर सोडवणारे वापरतात. आम्ही आलेखापर्यंत जात नाही, बरण्यांवर भागवतो. टोल्युइनचं काम उघड्या हवेत, विडी-सिगारेटपासून लांब.

आमच्या बरण्यांनी सांगितलं की आम्ही साखळ्या कापत होतो. पट्टीवर एकही दाणा नको, या हट्टापायी थरथर चढी ठेवली होती. आता दोन-चार दाणे दिसले तरी चालवून घेतो, मिलच्या आवळ रोलमध्ये ते मोडतात. आणि शंभरात वीस-पंचवीस भागांपेक्षा जास्त हे रबर नव्या मालात घालत नाही. ‘शंभर टक्के रिसायकल’ असं छापायचा मोह गिऱ्हाइकाला होतो, आम्हाला परवडत नाही.

थरथर मोजायची असेल तर मोजणीचा मायक्रोस्कोप मागून आणा. हॉर्नच्या कडेवरचा एक चमकता कण बघा. अल्ट्रासॉनिक चालू केलं की त्या ठिपक्याची रेघ होते. रेघेची लांबी म्हणजे टोकापासून टोकापर्यंतची हालचाल. काही ठिकाणी याच्या निम्मा आकडा ‘ॲम्प्लिट्यूड’ म्हणून देतात, तेव्हा कुणाचे मायक्रॉन कुणाशी ताडून बघताय ते आधी विचारा. आम्ही ही मोजणी हवेत करतो. भाराखाली थरथर कमी होते, पण निदान दर महिन्याची तुलना मिळते.

राहिला हॉर्नचा चेहरा. ओरखडे काढायला तो लेथवर घासून घ्यावा लागतो, आणि इथे घंटेचा हिशेब पुन्हा येतो: १२५ मिमीतून एक मिमी गेला की सूर साधारण १६० हर्ट्झनं चढतो. आम्ही दोनदा मिळून पाऊण मिमी काढलाय. तिसऱ्यांदा काढला तर थंड हॉर्नवर सकाळीच जनरेटर सूर पकडणार नाही, असा अण्णांचा अंदाज आहे, आणि नव्या टायटॅनियम हॉर्नचा भाव ऐकून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. म्हणून आता कॉट्सचं पोतं दारात उतरलं, की चहाच्या आधी अण्णा सुरी घेऊन पोत्याच्या तळातला एक कॉट काढतात आणि चिरून बघतात. वरचे कॉट्स दाखवायचे असतात, म्हणे.